जिवंत वजन

गगनबावड्याच्या घाटात त्या सकाळी सगळ्यांना आनंद झाला होता, एकट्या वृषाली चौगुलेला सोडून. चाचणी चढाईत त्यांची गाडी तिच्या गणितापेक्षा सहा सेकंद आधी माथ्यावर पोचली होती. दुसरी कुणी असती तर तिने पेढे मागवले असते. वृषालीने कागद उघडले आणि कठड्यावर बसून पहिल्यापासून बेरीज करायला घेतली. तिचं गणित सहा सेकंदांनी चुकत नसे. अर्ध्या सेकंदाने चुकलं तरी ती दोन दिवस कुणाशी धड बोलत नसे, हे कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या सगळ्या शेडना ठाऊक होतं.

"वैनी, सहा सेकंद फुकट मिळाल्यात," शौकत मुजावर म्हणाला. "तोंड कशाला पाडून बसलाय?"

शौकत तिच्या शेडचा सगळ्यात जुना कारागीर. यंत्रं त्याच्या ताब्यात, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. वृषालीने मान वर केली नाही. फुकट काही मिळत नाही, कुठलं तरी वजन कमी झालंय आणि ते आपल्याला माहीत नाही, एवढंच ती म्हणाली.

पलीकडे दगडावर तिचा नवरा हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. दिग्विजय, सगळ्यांचा दिगू. वय एकोणपन्नास, आणि जिल्ह्यात त्याच्याइतका सरळ हाताचा चालक दुसरा नव्हता. तो गाडी चालवणार आणि ती आकडे मांडणार, असा त्यांचा बावीस वर्षांचा संसार होता. बायकोचा चेहरा पाहून तो हसला आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. त्याने दोनच घोट घेतले.

पेट्रोलच्या शर्यती बंद होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. बॅटऱ्या सगळ्यांच्या एकसारख्या, मोटारीही नियमाने ठरवून दिलेल्या. त्यामुळे घाटाच्या शर्यतीत चुरस उरली होती ती एका वजनाची. लोक दरवाजे काढत, रंग खरवडत, बोल्ट पोकळ करून घेत. एकाने तर गाडीतल्या देवाच्या फोटोची चौकट काढून नुसता कागद चिकटवला होता. या सगळ्या खटपटीत वृषालीच्या शेडने जे केलं ते वेगळ्या जातीचं होतं.

हात मोडला की तो महिना-दीड महिना प्लास्टरमध्ये बांधून ठेवतात. प्लास्टर काढलं की तो हात दुसऱ्यापेक्षा बारीक झालेला दिसतो. शरीर कंजूष असतं, जे काम करत नाही त्याला ते पोसत नाही. हाडांचंही तसंच. ज्या बाजूने भार येतो तिथे हाड दाट होतं, जिथे येत नाही तिथे पोकळ होत जातं. वृषालीच्या गाडीचा सांगाडा असाच शिकत असे. हलक्या मिश्रधातूचा, आतून जाळीदार, आणि जाळीच्या प्रत्येक काडीतून केसाहून बारीक तार गेलेली. काडीवर ताण आला की तारेतली वीज किंचित अडते आणि ते अडणं नोंदलं जातं. महिनाभर गाडी रोज पळवायची. मग सांगाडा उतरवून रसायनाच्या टाकीत बुडवायचा आणि त्याच तारांमधून उलटी वीज सोडायची. ज्या काडीने महिन्यात काही काम केलं नाही, तिचा धातू विरघळून टाकीत उतरायचा. जिने सोसलं ती शाबूत राहायची.

या बुडवण्याला शेडमध्ये उपास म्हणत. असे चार उपास होऊन एकशे चाळीस किलोंचा सांगाडा एकसष्टवर आला होता. पाचवा आणि शेवटचा उपास बाकी होता, चालकाच्या सीटखालच्या तळाचा.

यात मेख एकच होती. सांगाडा एका माणसाकडून शिकतो. दिगूचं वजन, वळणावर खांदा आधी टाकायची त्याची खोड, ब्रेकवर पाय रोवायची रीत, हे सगळं त्या धातूत उतरलं होतं. आता तिथे दुसरं कुणी बसलं असतं तर पहिल्या दोन-तीन वळणांतच सांगाडा वाकला असता. गाडी दिगूच्या अंगाला शिवल्यासारखी झाली होती.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये वृषालीने शोध सुरू केला. गाडी काट्यावर चढवली, वजन बरोबर. बॅटरीने दिलेली वीज तपासली, बरोबर. टायर, हवा, वारा, रस्त्याचा चढ, सगळं जागच्या जागी. सहा सेकंदांचं उलट गणित केलं तर नऊ ते साडेनऊ किलो कमी भरत होते. गाडीत ते नव्हते. राहिला चालक.

चाचणीच्या दिवशी नियमाने नोंदीची पेटी काढून ठेवावी लागते, सीटची गादीसुद्धा समितीचे लोक उचलून बघतात. त्यामुळे त्या चढाईची नोंद तिच्याकडे नव्हती. तिने मागच्या सहा महिन्यांच्या नोंदी काढल्या. चालकाच्या सीटवर अडुसष्ट किलो. मार्चमध्ये अडुसष्ट, मे महिन्यात अडुसष्ट, परवाच्या सोमवारीही अडुसष्ट.

या आकड्याचं तिला फार कौतुक होतं. आठवड्यापूर्वी गौरी जेवणाला नणंद आली होती. ती वाढता वाढता थांबून म्हणाली होती, वहिनी, दादा किती वाळलाय गं. तेव्हा वृषाली हसली होती. अडुसष्ट आहेत, कालच पाहिलंय, असं तिने सांगितलं होतं, आणि नणंदेने बिचारीने पुढे वाढायला घेतलं होतं. दिगूची गालफडं बसलेली वृषालीला दिसत नव्हती असं नाही. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता, पानात भात राहत होता. शर्यतीचं टेन्शन आहे, असं तो म्हणे. तिलाही ते पटे, कारण रोज संध्याकाळी यंत्र तिला अडुसष्टचा आकडा दाखवत होतं आणि यंत्र तिने स्वतः बांधलं होतं.

आता तोच आकडा ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली. माणूस असा नसतो. सकाळी उपाशीपोटी आणि दुपारी जेवून आल्यावर त्याच्यात किलोभराचा फरक पडतो. दिगूचा सहा महिन्यांत पाव किलोचाही पडला नव्हता. इतकं बरोबर वजन कुणीतरी राखल्याशिवाय राहत नाही.

तिने नोंद वेगळ्या तऱ्हेने उलगडायला घेतली. जिवंत वजन स्वस्थ बसत नाही. वळणावर ते कलतं, ब्रेक लागला की पायांवर उतरतं, आणि मिनिटाला पंधरा-सोळा वेळा श्वासाबरोबर हलकं वर-खाली होतं. निर्जीव वजन यातलं काही करत नाही, ते नुसतं पडून राहतं. यंत्राला दोन्हीतला फरक कळत होता. ते त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. वृषालीने विचारलं, आणि पडद्यावर दोन रेघा आल्या. एप्रिलपासून एक रेघ खाली खाली जात होती आणि दुसरी तेवढीच वर येत होती. एप्रिलअखेर निर्जीव वजन सव्वा किलो, जूनमध्ये पाच, परवाच्या सोमवारी नऊ किलो चारशे ग्रॅम.

जेवणाची सुट्टी होती, शेड रिकामी होती. तिने गाडीपाशी जाऊन सीटची गादी उचलली. खाली कॅनव्हासची चपटी पिशवी होती, गादीच्या आकाराची, सुबक शिवलेली. आत शिशाच्या पट्ट्या. चाकाचा तोल साधायला रिमला चिकटवतात त्या, पाच ग्रॅम, दहा ग्रॅम, एकेक आणून भरलेल्या. चाचणीपुरती ती काढलेली असणार, आणि सकाळी गाडी काट्यावरून उतरल्यावर पुन्हा जागेवर ठेवलेली. तिने पिशवी काट्यावर ठेवली. आकडा बरोबर आला आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की आपलं गणित चुकायला हवं होतं.

दिगू जेवून आला तेव्हा पिशवी टेबलावर होती. त्याने ती पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि स्टूल ओढून बसला.

"सापडलं व्हय," तो म्हणाला. "मला वाटलं शर्यतीपर्यंत निभावंल."

मग त्याने सांगितलं. फेब्रुवारीत जेवण पोटात टिकेना. मार्चमध्ये तो एकटाच मिरजेला जाऊन आला. डॉक्टरांनी जठरात गाठ आहे म्हणून सांगितलं. महिन्याच्या आत काढली तर आशा चांगली, पुढे चार महिने विश्रांती. संध्याकाळी घरी आला तेव्हा वृषाली स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पहिल्या उपासाचे आकडे बघत होती. मी चार-पाच महिने बाजूला झालो तर चालेल का, असं त्याने तिला विचारलं होतं.

वृषालीला ते आठवलं. त्याने विचारलेलंही आठवलं आणि आपण मान न वळवता काय म्हणालो तेही. आता बाजूला झालात तर सांगाडा भंगारात जाईल, असं ती म्हणाली होती.

"सहा वर्षं तू ह्या सांगाड्यामागं होतीस," दिगू म्हणाला. "अकरा माणसं राबायलीत. म्हटलं, एवढी शर्यत होऊ दे. मग सांगू."

त्याला सांगण्यासारखं एकच होतं, आणि ते सांगायचं सोडून ती पट्ट्या पिशवीत सारख्या करत राहिली. तिचं मार्चमधलं वाक्य खरं नव्हतं. पहिल्या उपासानंतर सांगाडा दुसऱ्या चालकाच्या हाती देता येत होता. पंधरा दिवस जास्त लागले असते आणि सहाशे ग्रॅम धातू जास्त ठेवावा लागला असता, बस. ही गोष्ट शेडमध्ये दोघांनाच माहीत होती, तिला आणि शौकतला. शेडच्या इतर गाड्यांच्या चालकांना ती कळू द्यायची नाही हा तिचाच नियम होता. कळलं तर ऊठसूट सुट्ट्या मागतील, शिकवणीत सातत्य राहणार नाही, म्हणून. तो नियम तिने नवऱ्यालाही लावला होता. सहाशे ग्रॅमसाठी.

दुसऱ्या दिवशी ती त्याला मिरजेला घेऊन गेली. गाठ वाढली होती, यकृतावर डाग दिसत होते. लगेच दाखल व्हा, उघडून बघू, पण मार्चसारखं आता काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते रागावले नाहीत, म्हणून तिला जास्त लागलं.

परतताना दिगूने गाडी हातकणंगल्याच्या पुढे एका उसाच्या गुऱ्हाळापाशी थांबवायला सांगितली. रस काही तो पिणार नव्हता, त्याला बोलायचं होतं. शर्यतीला पाच आठवडे होते. बारा दिवस पिशवीशिवाय गाडी चालवली तर सीटचा तळ त्याच्या खऱ्या वजनाला शिकेल. मग शेवटचा उपास, आणि गाडी कधी नव्हती इतकी हलकी होईल. त्याने सगळं योजून ठेवलं होतं.

"एकदा वर जाऊ दे," तो म्हणाला. "मग नेशील तिकडं येतो. डॉक्टर काय पळून चाललेत?"

वृषालीने रस्त्याकडे बघत सगळं ऐकून घेतलं. गणित तिलाही येत होतं. पाच आठवडे थांबलं तर डॉक्टरांच्या हातात काही उरणार नाही. नाही थांबलं तरी फार काही उरेल असं नाही. त्याला जे हवं होतं ते पक्कं होतं, तिला जे हवं होतं ते जेमतेम होतं. तरी तिला तेच हवं होतं. तो हवा होता. गाडी, घाट, सहा वर्षं, कुणाचीही तिला आता पर्वा नव्हती.

पण त्याचं मन वळवणं तिला जमणार नाही हे ती ओळखून होती. तो शौकतला गाठेल, पोरांना गाठेल, आणि बाराव्या दिवशी सांगाडा टाकीत गेलेला असेल. म्हणून शेडवर पोचताच तिने भिंतीवरची तार कापायची पक्कड काढली, गाडीखाली सरपटत गेली आणि सीटखाली जिथे सगळ्या बारीक तारांची जुडी एकत्र येते तिथे ती कापून टाकली. सांगाडा आता बहिरा झाला. त्याला यापुढे कुणी काही शिकवू शकणार नव्हतं. अकरा माणसं हातातलं काम थांबवून बघत होती, शौकतच्या हातातली किटली तशीच राहिली.

ती बाहेर आली तेव्हा दिगू समोर उभा होता.

"सहा महिने घातलेत गं मी ह्यात," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "आता चला."

मिरजेत पोट उघडलं आणि बहुतेक सगळं तसंच ठेवून बंद केलं. काढण्याजोगं राहिलं नव्हतं. औषधं सुरू झाली, त्यांनी केस गेले, तोंड आलं, भूक होती तीही मेली. शर्यत झाली. सांगलीच्या कुणीतरी जिंकली. त्या दिवशी दिगूने टीव्ही लावला नाही आणि वृषालीनेही विषय काढला नाही.

घरी त्यांचे दिवस शांत होते, म्हणजे भांडण नव्हतं. तो तिच्या हातून पेज घेई, पाठ चोळून घेई, पेपर वाचून घेई. पण एकदा नोव्हेंबरात, खिडकीतून बाहेर बघता बघता तो म्हणाला, "एकदा वर जाऊ द्यायला हवं होतंस." आवाजात राग नव्हता. त्यानंतर वृषालीला झोप लागेना. आपण त्याच्याकडून दोनदा हिरावून घेतलं, असं तिला वाटत राहिलं. मार्चमध्ये ऑपरेशन आणि सप्टेंबरात घाट. त्याला निदान पहिली गोष्ट माहीत नव्हती. ती माहीत नसताना तो तिच्या हातून पेज खात होता, आणि तिला प्रत्येक चमच्याला चोरी केल्यासारखं होत होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी शौकत येऊन बसून गेला. दुपारी गॅलरीत ऊन आलं होतं. दिगूला खुर्चीत बसवून तिने गुडघ्यावर शाल टाकली, शेजारी स्वतः बसली आणि सांगून टाकलं. मार्चचं वाक्य खोटं होतं. पंधरा दिवस, सहाशे ग्रॅम. तुम्ही सहज बाजूला होऊ शकला असता, आज बरे होऊन फिरत असता. मला ठाऊक होतं आणि मी मान वळवली नाही.

तो बराच वेळ बोलला नाही. आता आपल्याला जे ऐकावं लागेल ते ऐकायचं, असं मनाशी धरून ती बसली होती.

"एवढंच व्हय," शेवटी दिगू म्हणाला. "अगं, मला ठाऊक होतं ते. मार्चातच शौकतला इचारलेलं. पंधरा दिवस, सहाशे ग्रॅम, समदं सांगितलं त्यानं. मलाच ऑपरेशन नको होतं. पोट फाडायचं म्हटल्यावर भ्यालो. तू म्हणालीस ते मला निमित्त झालं."

"खरं सांगताय?"

"तुझ्याशी खोटं बोलून टिकतंय व्हय कोण," तो म्हणाला, आणि हसला. हसल्यावर त्याला खोकला आला आणि तिला पाणी आणायला उठावं लागलं.

त्या संध्याकाळी वृषाली किती दिवसांनी पोटभर जेवली. झोपलीही. दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा पूर्वीसारखं बोलायला लागली. लग्नानंतरची पहिली भाड्याची खोली, पहिल्या गाडीला लागलेली आग, नणंदेच्या लग्नात जेवण कमी पडलेलं. एकदा तर हसताना तिच्या हातातला चमचा पडला. दिगू त्यानंतर एकोणीस दिवस जगला. ते एकोणीस दिवस तिच्या संसारातले चांगल्यांपैकी होते, असं ती पुढे नणंदेला म्हणाली, आणि ते खरंही होतं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ती शेडवर आली. आल्या आल्या तिने सगळ्या चालकांना बोलावून सहाशे ग्रॅमची गोष्ट सांगितली. ज्याला अडचण असेल त्याने सरळ सुट्टी घ्यायची, सांगाडा थांबतो, असं ती म्हणाली. पोरं एकमेकांकडे बघत राहिली. कापलेल्या तारांचा सांगाडा कोपऱ्यात उभा होता, त्याच्याकडे ती गेली नाही.

दुपारी टाकीपाशी शौकत एकटा होता. झडपेचं झाकण उघडून आतला गाळ काढत होता. वृषाली त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. शंका म्हणून नव्हे, दिगूबद्दल कुणाशी तरी बोलावं एवढंच तिच्या मनात होतं. शौकतचा आणि दिगूचा तीस वर्षांचा दोस्ताना. आजारपणाची गोष्ट दिगूने पहिल्यांदा कुणाला सांगितली असेल तर ती याला, आणि याने ती कशी पोटात ठेवली, हे तिला ऐकायचं होतं.

"शौकतभाई," ती म्हणाली, "मागच्या मार्चमध्ये यांनी तुम्हाला—"

"व्हय वैनी, इचारलेलं," शौकत म्हणाला. "पंधरा दिवस, सहाशे ग्रॅम. मीच सांगितलं त्याला."

तिचा प्रश्न अजून व्हायचा होता. शौकतने मान वर केली नव्हती. एरवी एका गोष्टीची दहा करून सांगणारा माणूस, दोन वाक्यं बोलला आणि गप्प झाला, तेही दिगूच्याच शब्दांत, दिगूच्याच क्रमाने. गाळ काढायचा डाव त्याच्या हातात नुसता हलत होता.

वृषालीला सगळं कळलं. गॅलरीतल्या त्या दुपारनंतर केव्हातरी, ती पाणी आणायला किंवा पेज करायला आत गेली असताना, दिगूने फोन करून याला पढवून ठेवलं होतं. वैनी कधी ना कधी विचारील, असं म्हणून. मार्चमध्ये त्याने कुणालाही काही विचारलं नव्हतं. त्याने बायकोने सांगितलेलं खरं मानलं होतं, आणि ते खोटं होतं हे त्याला डिसेंबरच्या उन्हात, खुर्चीत बसल्या बसल्या, तिच्याच तोंडून पहिल्यांदा कळलं होतं. तेव्हा तो बराच वेळ बोलला नव्हता, तो वेळ ते पचवण्यात आणि हे खोटं रचण्यात गेला होता.

शौकतच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं आणि तो ते न पुसता गाळ उपसत होता. त्याला आणखी काही विचारलं असतं तर तो मोडून पडला असता. दोस्ताला दिलेला शब्द त्याच्या हातून गेला असता.

"बरं झालं सांगितलंत," वृषाली म्हणाली. "माझ्या मनातलं गेलं."

शौकतने मान हलवली. ती शेडच्या मागे हात धुवायच्या नळापाशी गेली, नळ पूर्ण सोडला, आणि पाण्याच्या आवाजात बराच वेळ रडली.